बारा दिवसांचा चारा

वॉशिटा काउंटी, ओक्लाहोमा
२२ सप्टेंबर १९५७

ति. दादास,
सा. न. वि. वि.

माझ्यावर चाललेला एक घोर अन्याय आज कागदावर नोंदवून ठेवते. टेलिफोनचे पैसे मी भरते ते माणसांशी बोलायला; मिळतं काय, तर बर्था रात्झलाफच्या कॅनरीचं गाणं. टेलिफोनच्या एकाच तारेवर आमची आठ घरं. मी रिसीव्हर उचलला की दोन मिनिटांत तो पक्षी चिवचिवतो, म्हणजे बर्थाचा कान लागला समजायचं. परवा मी तुला बियाण्याचं सांगत होते, तर पक्ष्यामागून शिंक आली. सवयीने मी देव भलं करो म्हटलं, आणि त्या बाईने आभारसुद्धा मानले! तेव्हा यापुढे शेताचं बोलणं पत्रानं. आठ मैलांसाठी तिकीट चिकटवावं लागतं खरं, पण पोस्टमन निदान गात नाही.

चर्चबाहेर आपलं ठरलं ते लिहून ठेवते, म्हणजे नंतर कुणाला विसर पडायला नको. पीटर मला विधवा करून गेला त्याला दोन वर्षं झाली. तुझं म्हणणं, बाईमाणसाने एकटीने शेती रेटू नये, जमीन तुला खंडाने द्यावी आणि गावात नळाच्या घरात सुखाने म्हातारं व्हावं. माझं म्हणणं, एक हंगाम मला द्या. ऐंशी एकर मी पेरणार. तुझे गोऱ्हे हिवाळाभर माझा हिरवा गहू चरतील, पण आत कधी यायचं आणि बाहेर कधी पडायचं ते माझ्या शब्दावर. जूनमध्ये माझा एकरी उतारा तुझ्या न चारलेल्या गव्हापेक्षा कमी आला, तर मी मुकाट्याने सामान बांधीन. पैज लावणं आपल्यात पाप, म्हणून हिला समजूत म्हणायचं.

अर्ध्यात आजोबांचा लाल तुर्की गहू पेरलाय, अर्ध्यात नवा बुटका टिलमन. मध्ये तार. दोन्हीकडे तीस-तीस गोऱ्हे. चारा कोण जास्त देतो आणि दाणा कोण, ते दिसेलच.

लोभ असावा. गोऱ्ह्यांवर आहे त्याच्या निम्मा असला तरी चालेल.

तुझी,
फ्रीडा

---

३० सप्टेंबर १९५७

चि. फ्रीडास अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र तुझ्या एल्सबेटवहिनीने मोठ्याने वाचलं. कॅनरीपाशी ती इतकी हसली की भट्टीतले पाव करपले. ते आम्ही तुझ्या नावाने खाल्ले.

समजूत मान्य. मात्र एक ऐक. दोन्ही गव्हांच्या कडेला एकेक पट्टा तारेने राखून ठेव, त्यात गुरांचं तोंड जाता कामा नये. चरलेली काडी मागे पडते, तिच्यावरून खरं कळत नाही. फेब्रुवारी सरत आला की पट्ट्यातली काडी मुळापासून उपटून उभी चिरायची. आत भरीव असेल तर चरू दे. पोकळी दिसली, म्हणजे गव्हाने कांडी धरली आणि ओंबी वर निघाली. त्यानंतर गुरं खातात तो पाला नसतो, तुझा जून महिना असतो.

टिलमनचं मला काही ठाऊक नाही. दुकानदार फार गोड बोलत होता, एवढ्यावरूनच मी तो घेतला नाही.

आपला लोभ तू न मागताही आहे.

जेकब

---

१९ जानेवारी १९५८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

तुझे गोऱ्हे खुशाल आहेत. तुर्कीकडचे तर इतके, की पुढच्या महिन्यात त्यांना फाटक रुंद करावं लागेल. आजोबांचा गहू चटईसारखा पसरलाय. सकाळी चरला की संध्याकाळी पुन्हा हिरवा. टिलमन विरळ आहे. त्या बाजूचे तीस जण तारेपाशी उभे राहून पलीकडे बघत असतात, चर्चमध्ये पोरं बायकांच्या बाकांकडे बघतात तशी.

पीटरचा लोकरी कोट घालून मी रोज पाण्याच्या टाकीवरचा बर्फ फोडते. वाकून कुऱ्हाड मारताना आपणच शेतकरी आहोत असं वाटतं आणि सरळ होताना पाठ म्हणते की जेकबचं ऐक. मी पाठीचं ऐकत नाही.

वहिनीला नमस्कार. लोभ करावा, तोही न चारलेल्या पट्ट्यासारखा राखून.

तुझी,
फ्रीडा

---

२५ फेब्रुवारी १९५८

चि. फ्रीडास आशीर्वाद.

काल तू दाढ काढायला कॉर्डेलला गेली होतीस, तेव्हा टिलमनमधले तीसही गोऱ्हे मी घरी आणले. एकाचं पोट फुगल्यासारखं वाटलं. तुर्कीतले तिथेच आहेत. राग येईल, ठाऊक आहे.

जेकब

---

२६ फेब्रुवारी १९५८

दादा,

एकाचं पोट फुगलं म्हणून तीस घरी नेले? मग वहिनीला शिंक आली की तू अख्ख्या मंडळीला अंथरुणात घालशील!

आत-बाहेर माझ्या शब्दावर, हे लिहून ठेवलं होतं. मी शनिवारीच काडी चिरून पाहिली आहे, भरीव आहे, अजून पंधरा दिवस सहज चरले असते. आता बरोबरीने तोलायचं काय? तुर्कीचे तीस आत, टिलमनचे तीस तुझ्या वाळल्या गवताच्या गंजीवर. आणि जूनमध्ये माझं पीक चांगलं आलं तर अख्खं चर्च म्हणणार, जेकबने हात दिला म्हणून. मला हा हंगाम माझ्या नावावर हवा होता. हरले असते तर तेही माझ्या नावावर हवं होतं. दाढ दुखतेय त्याहून हे जास्त दुखलं.

फ्रीडा

---

२ मार्च १९५८

चि. फ्रीडास आशीर्वाद.

पोट उतरलं. गोऱ्हे वाळलेलं गवत खातायत. एल्सबेटने एकावर एक गोळा बसवलेले दुमजली पाव पाठवलेत. दाढ निघाली त्या बाजूने चावू नकोस.

जेकब

---

९ मार्च १९५८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

काल तुर्कीचेही गोऱ्हे बाहेर काढायची वेळ झाली, पोकळी दिसली. मग सहज पलीकडे टिलमनच्या पट्ट्यात गेले, हिवाळ्यात पहिल्यांदाच. दादा, मी दर खेपेला काडी चिरली ती घराजवळच्या पट्ट्यातली, म्हणजे तुर्कीची. टिलमनचा पट्टा शेताच्या दुसऱ्या टोकाला, वारा झोंबणारा. आणि गहू तो गहू, असं मी धरून चालले. तिथली कांडी माझ्या बोटाएवढी वर आली आहे.

कोपऱ्यातल्या खांबाच्या माथ्यावर सात काड्या ओळीने ठेवलेल्या होत्या, मधोमध चिरलेल्या, वाळून पिवळ्या पडलेल्या. इतकी सरळ चीर तुझ्याच चाकूची. प्रत्येकीत दहा सेंटच्या नाण्याएवढी उंच पोकळी. तू अजून काही दिवस गप्प बसला असतास, तर जूनमध्ये जमीन तुझी होती.

रविवारी पोरांना खोटं बोलू नये असं शिकवणाऱ्या माणसाने गोऱ्ह्याच्या पोटाबद्दल थाप मारावी! मी कुणाला सांगणार नाही. मागच्या पत्रातला शेवटचा परिच्छेद फाडून चुलीत घाल.

लोभ आहे; राग होता तेव्हाही होता.

तुझी,
फ्रीडा

---

२८ जून १९५८

चि. फ्रीडास अनेक आशीर्वाद.

एलेव्हेटरच्या धान्यकोठारावरच्या पावत्या दोनदा बघितल्या. तुझा टिलमन एकरी पस्तीस बुशेल, तुर्की चोवीस. सरासरी काढली तर माझ्या गव्हाला अडीच बुशेलने मागे टाकलंस. वजनकाट्यावर मात्र आजोबांचा गहू जिंकला. तुर्कीवरचे गोऱ्हे दर डोई चाळीस पौंड जास्त भरले, त्यांना जास्त मिळालेले चरण्याचे बारा दिवस वजा केले तरीही. म्हणजे एक गहू गुरांचा आणि एक माणसांचा, असं माझं मत झालंय.

गावातलं नळाचं घर मी पाहून ठेवलं होतं, ते दुसऱ्या कुणी घेतलं. एल्सबेटने टाळी वाजवली. कुणाच्या बाजूने ते विचारलं नाही.

सप्टेंबरात टिलमनचं थोडं बी मला देशील का? दुकानदाराकडून घ्यायला लाज वाटते.

लोभ वाढतच आहे, त्याला कुंपण नाही.

जेकब

---

८ सप्टेंबर १९५८

ति. दादास,
सा. न. वि. वि.

बी पोत्यात भरून ठेवलंय, चाळलेलं आहे, येशील तेव्हा उचल. यंदा साठ एकर टिलमन, गुरं न घालता. उरलेल्या वीस एकरांत लाल तुर्की कालच पेरून झाला. वेळेआधी पेरला आणि दाट, म्हणजे ऑक्टोबर सरता सरता चरायला येईल.

मार्चपासून तुझ्या घरावरून जाताना ती गवताची गंज मला दिसते आहे. माझ्या टिलमनपायी एका बाजूने कापून निम्मी झालेली. त्यावर मला लांबलचक लिहिता येणार नाही.

या वीस एकरांत मी राखीव पट्टा ठेवलेला नाही. काड्या चिरायच्या नाहीत, कापणीचं यंत्र घालायचं नाही. मे महिन्यापर्यंत, शेवटच्या पानापर्यंत तुझे गोऱ्हे चरू देत. तुझ्या रस्त्याकडच्या बाजूला नवं फाटक बसवलंय. माझ्या अंगणातून यायची किंवा मला विचारायची गरज नाही.

उत्तरात याचा उल्लेख नको. वहिनीची तब्येत कळव.

तुझी,
फ्रीडा