घडीचा मास्ट

सोमवार, ३ मार्च २०२५
मी अकरा वर्षांची असताना बंगळूरला बसवनगुडीच्या घरात सिलिंडर गळला. आम्ही सगळे रस्त्यावर पळालो. बाबा मात्र आत राहून एकेक दार-खिडकी उघडत म्हणाले होते, गॅस बाहेर पडणारच, आपण फक्त वाट ठरवायची. आज सेहेचाळिसाव्या वर्षी ते वाक्य कामाला आलं. एलएनजीवर, म्हणजे द्रवरूप नैसर्गिक वायूवर, चालणाऱ्या फेरीबोटीच्या गॅसचं सगळं डिझाइन माझ्याकडे आलंय. टाकीत दाब वाढला की गॅस माणसांपासून लांब, उंचावर सोडायचा. त्यासाठी डेकवर सहा मीटरचा मास्ट, म्हणजे उभा पाइप. नियमात चोख. २८ तारखेपर्यंत बोटी तपासणाऱ्या सर्व्हेअरची मंजुरी आली नाही तर बोटीचा मालक डिझेल इंजिन घेणार.
येईल.
संकल्प: रोज सकाळी चालायचं. आज नाही, आज सर्जापूर रोडवर दीड तास कॅबमध्ये बसून दमले.

गुरुवार, ६ मार्च
वाटेत पूल आहे. मास्ट त्याला दीड मीटर जास्त होतो. आमच्या ऑफिसचे प्रमुख नागराज सर म्हणाले, पूल पहिल्या दिवसापासून नकाशात आहे. असेल. माझ्या प्रिंटमध्ये तो घडीवर आला होता.

शुक्रवार, ७ मार्च, पहाटे ५.४०
सुचलं. मास्ट घडीचा करायचा. बुडाशी बिजागरी. पूल आला की आडवा, गेला की उभा. इतकं सोपं आजवर कुणाला कसं सुचलं नाही? पेटंटचं बघायला हवं. चालायला गेले नाही, विचार तुटला असता.

रविवार, ९ मार्च
बाबांकडे. ड्रॉइंग मंजुरीनंतरच दाखवणार होते, पण पर्समध्येच होतं. बाबांनी चष्मा पुसला, आडव्या मास्टच्या तोंडावर बोट ठेवलं आणि विचारलं, इथे कोण बसतं? वरच्या डेकवरचे प्रवासी, मी म्हटलं, पण चारच मिनिटं. मग ते ‘सरी’, म्हणजे कन्नडमध्ये ठीक आहे, म्हणाले, कागदाची घडी घालून परत दिली आणि कॉफी करायला उठले.
ज्या माणसाने सरकारी कारखान्यात पस्तीस वर्षं बॉयलर सांभाळले तो सरी म्हणतो, म्हणजे झालंच.

गुरुवार, १३ मार्च
सर्व्हेअर भीमाचार्यांचा मेल. फार सभ्य माणूस. एकच शंका काढली आहे: मास्ट आडवा असताना टाकीतला दाब वाढला तर? कळवलं, तेवढा वेळ गॅस सोडायची झडप बंद ठेवू.

शुक्रवार, १४ मार्च
त्यांचं उत्तर: मग टाकीने काय करायचं? चार मिनिटं धीर धरायचा, असं मी लिहिलं होतं. अमृताने पाठवू दिलं नाही. ती शेजारच्या टेबलावर बसून बोटीच्या तोलाचे हिशोब करते. नागपूरची, जिभेला लगाम नाही. म्हणाली, झडप उघडीच ठेव आणि बाकांवर पाटी लाव, पुलाखाली श्वास घेऊ नये.
पाटीची कल्पना वाईट नाही.

बुधवार, १९ मार्च
पाटी नामंजूर. नागराज सरांनी हळूच विचारलं, मॅडम, तुम्ही कधी बोटीवर गेला आहात? गेले आहे, सहलीला. पूर्ण वेळ तोंड पिशवीत होतं, पण गेले आहे. शिवाय बंगळूरला समुद्र नाही हा फायदाच आहे. लक्ष विचलित होत नाही.
चालणं एक तारखेपासून.

सोमवार, २४ मार्च
ओहोटी. ओहोटीला पाणी उतरतं, बोट खाली जाते, मास्ट उभ्याउभ्या पुलाखालून जातो. घडी लागतच नाही. बिजागरीचं थोडं वाईट वाटलं, पण मोठ्या कामात असं होतं.
अमृताने हिशोब केला. मास्ट पुलाखालून जातो. बोट चिखलात बसते. म्हणाली, पूल मात्र सुखरूप आहे बघ.

शुक्रवार, २८ मार्च, संध्याकाळी ७
मेल नाही. आपला सर्व्हर अधूनमधून अडकतो.

रविवार, ३० मार्च
पाडवा. बाबांनी हातावर कडुलिंब आणि गूळ ठेवला. बोटीचं विचारलं नाही. विश्वास आहे त्यांचा. मी चप्पल घालत होते तेव्हा म्हणाले, तू विचारलं असतंस तर मी सांगितलं असतं. काय, ते मी तेव्हाही विचारलं नाही. खाली ऑटो उभी होती.
ऑटो उभी नव्हती. पंधरा मिनिटं कोपऱ्यावर थांबले.

बुधवार, २ एप्रिल
बोट डिझेलवर जाणार. मीटिंग सात मिनिटांची झाली, त्यातली दोन प्रोजेक्टर लागण्यात गेली. टाकीच्या जागी आता चहाचं काउंटर येणार आहे आणि त्याचं ड्रॉइंग मला दिलंय. नागराज सर म्हणाले, पुढची फळी घडीची हवी, तुम्हाला अनुभव आहे. ते चेष्टेने म्हणाले नाहीत, तेच जास्त लागलं.
दुपारपर्यंत फळीचं ड्रॉइंग काढलं. बिजागरी चांगली जमली आहे. या वेळी तिच्या समोर कोण उभं राहतं तेही बघून घेतलं.
आत्ता बोट बांधणाऱ्या यार्डला मेल टाकला. वेल्डिंगपेक्षा एक दिवस जास्त लागेल, त्यामुळे नाहीच म्हणतील. तरी लिहिलं आहे: काउंटर डेकला वेल्ड करू नका. कृपया बोल्टवर बसवा. कधी टाकी बसवायची झाली, तर काढता येईल.