सहकर्जदार

अप्पा, विद्यानगरात आम्ही पसंत केलेलं घर हातचं गेलं. तुमच्यामुळे गेलं. आई तुम्हाला हे कधी सांगणार नाही, कारण तिला ठाऊकच नाही. म्हणून मी सांगते.

दोघांच्या नावावर गृहकर्ज काढायचं ठरलं, तेव्हा आम्ही आधी जुनं सगळं निपटलं. ह्यांच्या स्कूटरचे हप्ते संपवले, माझं क्रेडिट कार्ड बंद केलं, सणासुदीलाही सुभाष रोडच्या दुकानांकडे फिरकलो नाही. उरेल ते ठेवीत टाकलं. शिकवण तुमचीच. पहिल्या पगारातून मी रेशमी साडी घेतली, तर "पैशाची किंमत नाही काय तुला?" म्हणत तुम्ही भरल्या पानावरून उठला होतात. आणि इथे बँकेतल्या साहेबांनी कॉम्प्युटर माझ्याकडे वळवला. "मॅडम, थकलेलं कर्ज आहे की तुमच्या नावावर. सहकर्जदार म्हणून." चूक असेल, म्हटलं मी. चूक नव्हती. काकाच्या दुकानाचं कर्ज होतं ते.

तो दिवस मला लख्ख आठवतो. नोकरी नवी आहे, मी शाळेत शिकवायला निघालेय, आई डबा भरतेय. तुम्ही ओट्यावर कागद ठेवता. "काकाच्या दुकानाचं आहे. सही कर." कसली, विचारते मी. तुम्ही चष्म्यावरून बघता. "बापावर विश्वास नाही काय?" मी उभ्याउभ्या सही करते.

अमरगोळच्या बाजारात जाऊन काकाला गाठलं. दुकान केव्हाच बुडालं, आता तो एका अडत्याकडे कामाला आहे. मला का कळवलं नाहीस, म्हणून त्याच्यावर ओरडले. तो खालच्या आवाजात म्हणाला, "मी नको म्हणत होतो की. अप्पाच म्हणाले, पोरगी कमावती आहे, नडलं तर ती फेडेल."

नडलं तर ती फेडेल! भावापुढे मोठेपणा तुमचा आणि पगार माझा? एका साडीसाठी जेवणावरून उठणाऱ्या माणसाला, मला एका शब्दानं विचारावंसं वाटलं नाही?

ठेव मोडून मी ते कर्ज फेडलं. बँकेतली नोंद बदलेपर्यंत घर दुसऱ्यानं घेतलं. पुन्हा पै पै जमवून आता गावाबाहेर दोन खोल्या घेतल्यात. आईला उशिराचं कारण काय सांगायचं? हेच म्हणाले, "माझे कागद अपुरे होते म्हणून सांग." वास्तुशांतीच्या पंगतीत आई सगळ्यांदेखत त्यांना म्हणाली, "आमचे हे असते तर असा घोळ होऊ दिला नसता. व्यवहाराला चोख माणूस." तुमचा जावई मान खाली घालून भात वाढत राहिला. मी एक अक्षर बोलले नाही.

हे पत्र मी कुणालाच दाखवणार नाही, ह्यांनाही नाही. आईसाठी गप्प बसले, असं मी त्यांना सांगितलंय. ते अर्धंच खरं आहे. तुम्हाला कुणी वाईट म्हटलेलं मला अजून ऐकवत नाही, अप्पा, आणि सगळ्यात जास्त राग मला त्याचाच येतो.