दोन्ही गट सारखे

४ जून
पुन्हा तेच! दिवसभर मायक्रोस्कोपला डोळे लावून उंदरांच्या फुफ्फुसांचे काप लावलेल्या काचा बघितल्या. एक जहाल औषध देऊन सगळ्यांच्या फुफ्फुसांना सारखीच जखम केलेली. मग निम्म्यांच्या तोंडात रोज अँटिबायोटिकचे थेंब — त्यानं वण कमी होतात का बघायला — आणि निम्म्यांच्या तोंडात नुसतं पाणी. कुठली काच कुणाची हे मला सांगायचं नाही, असा नियम. मी फक्त वण किती ते लिहायचं. संध्याकाळी लेकीनं नंबर जुळवले — दोन्ही गट सारखे!
प्रयोग तिचा. मी रिटायर्ड पॅथॉलॉजिस्ट, फुकटचा मदतनीस.
"बाबा, चष्मा बदला हो एकदा."
आलं माझ्या डोळ्यांवर!

५ जून
चिडचिड. लिहीत नाही.

९ जून
लेकीनं माझ्या नकळत एका तरुण डॉक्टरला त्याच काचा दाखवल्या. त्याचंही उत्तर माझंच! क्षणभर छाती फुगली. मग तिचा चेहरा दिसला. पैसे देणारी समिती आता प्रयोग गुंडाळणार. चार वर्षांची मेहनत पाण्यात.
चांगलं फुफ्फुस भिंगाखाली जाळीदार दिसतं. ते पाहिलं की मला चौथीतली, कोळ्याच्या जाळ्यावरच्या दवाची कविता आठवते — मास्तर डोळे मिटून चालीवर म्हणायचे, आम्ही मागून. आज त्याच काचा पुन्हा बघतानाही आठवली आणि दचकलो. आज आठवायलाच नको होती! पाण्यावरच्या उंदरांची फुफ्फुसं एव्हाना वणांनी दगड व्हायला हवीत. प्रत्येक काचेत ही जाळी कुठून आली?
लेकीला सांगितलं. "बाबा, कविता पुरे."

१२ जून
उंदरांच्या खोलीत स्टूल टाकून बसलो. दोन्ही गटांचे उरलेले उंदीर एकाच पिंजऱ्यात — हवा, खाणं, अंथरूण सगळ्यांना सारखं मिळावं म्हणून. भारी काटेकोर पोरगी! बसल्या बसल्या डुलकी लागणार, तेवढ्यात एक महाशय शेजाऱ्याच्या लेंड्या मिटक्या मारत खाताना दिसले. उंदीर खातातच, हे आम्हा दोघांना तोंडपाठ. पण शेजारी अँटिबायोटिकवाला असेल आणि लेंडीत औषध उतरत असेल तर?
फोन लावला. लेकीला दिसलं ते सांगितलं. ती — "म्हणजे सगळ्यांनाच डोस?"
"एका ताटात जेवल्यासारखा."
"मेले!" म्हणाली. उंदरांना की आम्हाला, कळलं नाही.

१५ जून
समितीनं नाकं मुरडत मुदत दिली. "शेवटची हं, बाई." गटागटाचे पिंजरे वेगळे केले. नवे उंदीर.

१९ जुलै
पहिली काच — दगड. श्वास मावायला जागा नाही. दुसरी जाळीदार. तिसरी पुन्हा दगड! सगळं लिहून दिलं. लेक नंबर जुळवायला पलीकडच्या खोलीत गेली, ती तिथूनच ओरडली —
"बाबा, दगड सगळे पाण्याचे!"