थाळी दिसेनाशी होते तिथे

मुरुड, ४ फेब्रुवारी २०२६

पूनमताईस, विन्याचा नमस्कार. भावोजींना नमस्कार, गण्याला पापा.

लिहितो लिहितो म्हणत नाताळपासून टाळतोय. रागावू नकोस. फोनवर तू गप्प झालीस की मी भलतंच बोलत सुटतो. अक्षर मोठं वाटेल, इथे स्केचपेनच मिळालं.

नोव्हेंबरपासून साक्षी मॅडमच्या कामावर आहे. उपग्रहाच्या फोटोंवरून किनाऱ्याजवळ पाणी किती खोल, तळाला वाळू की खडक की शेवाळ, याचा नकाशा करतात त्या. फोटो खरं सांगतो का, ते होडीतून जाऊन तपासायचं. होडी भागोजीकाकांची. माझं काम सोपं. दोरीला बांधलेली पांढरी थाळी पाण्यात सोडायची, दिसेनाशी झाली की ओरडायचं. जितकी खोलवर दिसेल तितकं पाणी नितळ. एकदा किल्ल्याजवळ डॉल्फिन आले, सगळे बघत होते, मी नेमका दुसरीकडे. ते जाऊ दे.

माझी थाळी लगेच दिसेनाशी व्हायची. फोटोत पाणी स्वच्छ, माझ्या आकड्यांत गढूळ. मॅडम तो पट्टा नकाशातून काढायलाच निघाल्या. तेव्हा काका म्हणाले, "दे रं इकडं." आणि दोरी सोडतच राहिले.

"अजून दिसते?" मी विचारलं.

"हाय की. तुला न्हाय?"

"चेष्टा नका करू, काका."

"थाळी हाय ती, कोळंबीचं पिल्लू न्हाय. बघ नीट."

वाकून बघितलं. नुसतं हिरवं. मॅडमना दिसत होती.

काकांनीच अलिबागला डोळ्यांच्या दवाखान्यात नेलं. काचबिंदू. आपल्या आबांना झाला तोच. आबा तेव्हा म्हणायचे ना, "मोतीबिंदू हाय, पिकू दे, मग काढू." आपण सगळेच पिकायची वाट बघत बसलो आणि तेवढ्यात त्यांचे दोन्ही डोळे गेले. माझा उजवा जवळजवळ गेलाय, डावाही धूसर. गेलेलं परत येत नाही. रोज थेंब टाकले तर उरलेलं टिकेल म्हणतात.

एवढंच असतं तर केव्हाच लिहिलं असतं. डॉक्टरबाईंनी विचारलं, सख्खं भावंड कोण आहे? मी म्हटलं, कुणी नाही. तुझं नाव घेतलं नाही म्हणजे तुला हे नसेल, असं काहीतरी डोक्यात होतं. पण गणपतीत तू चहा कपाबाहेर ओतलास आणि हसलीस. तेव्हा मीही हसलो होतो. हे दुखत नाही ताई, कळतही नाही. रक्तातून येतं. तू डोळे दाखव. गण्याचेही.

इथवर लिहून पाकीट आणायला उठलो, तर दारात आबा. जे कुणी हात धरल्याशिवाय परसातही जात नाहीत ते, पालीहून एकटे, कंडक्टरांच्या हाताला धरून एसटीनं. काकांनी फोन केला होता.

पाणीसुद्धा घेतलं नाही. "पूनमला सांगितलंस?"

"पत्र लिहितोय."

"पत्रात पिकत ठेवतोस व्हय? ऊठ. तिच्या नागावची गाडी बघ."

तेव्हा हे टपालात टाकत नाही, तुझ्या हातातच देईन. तोंडानं मला सांगता यायचं नाही. आम्ही बाहेर वाडीत थांबतो. वाचून झालं की हाक मार.

तुझाच,
विन्या