मॅगपाय सरस, पेलिकन टाकाऊ

१ सप्टेंबर, होबार्ट
आजपासून रागवायचं नाही. डॉक्टर म्हणाले म्हणून नव्हे, मीच ठरवलंय.

मेंदूतल्या आधार-पेशी हा माझा प्रांत. उंदराचं पिल्लू जन्मतं तेव्हा त्या मूठभर असतात. पुढच्या काही आठवड्यांत भराभर वाढतात, फांद्या फुटून ताऱ्यासारख्या दिसू लागतात. माझा सिद्धांत असा, की पिंजऱ्यात खेळणी ठेवली तर त्या जास्त फोफावतात. हे सिद्ध झालं की लॅबची प्रमुख मॉरीन माझ्या नोकरीची मुदत वाढवणार. नाहीतर डिसेंबरात नारळ. पण तो प्रश्नच येत नाही.

२ सप्टेंबर
रागावलो. कारण सबळ होतं. मॉरीनचं फर्मान: मेंदूचा काप लावलेली कुठली काच खेळण्यांवाल्या पिल्लाची आणि कुठली बिनखेळण्यांच्या पिल्लाची, हे मोजणाऱ्याला कळता कामा नये. आयुष्य मायक्रोस्कोपला डोळा लावून काढलं, आणि आता माझ्यावर पहारा! काचांवर टोपणनावांच्या चिठ्ठ्या लावणार तेगन, ही बर्नीहून आलेली पीएचडीची पोरगी. तिने पक्ष्यांची नावं ठेवलीत. संशोधन आहे की बालवाडी?

४ सप्टेंबर
मॅगपाय नावाची काच. अहाहा! पेशी दाट, फांद्या एकमेकींत गुंतलेल्या. शंभर टक्के खेळण्यांवालं पिल्लू. मोजायची गरजच नव्हती, तरी मोजलं.

सकाळच्या चहाला जाहीर केलं, की मी नुसत्या नजरेने ओळखतो. तेगन म्हणाली, मग लाव पैज, चुकलास तर केक तुझ्याकडून. आमच्याकडे ज्याची चूक त्याने चहाला केक आणायचा असतो. मी आजवर एकदाही आणलेला नाही.

८ सप्टेंबर
सायकलवरून येताना खऱ्या मॅगपायने डोक्यावर झडप घातली. रस्त्यात एवढी माणसं, नेमका मीच सापडलो. मॉरीन म्हणाली, त्यांना चेहरे लक्षात राहतात. तिला यातून काय सुचवायचं होतं?

११ सप्टेंबर
पेलिकन नावाची काच. भिकार. पेशी विरळ, फांद्या खुरटलेल्या. बिचाऱ्याला खेळायला पुठ्ठ्याचं नळकांडंही मिळालं नसणार. असला कचरा कुठून आणतेस, असं तेगनला विचारलं. "जपून बोल," ती म्हणाली, "ओळखीचं पिल्लू आहे." यात हसण्यासारखं काय होतं?

न रागवण्याचा संकल्प सोमवारपासून. नव्याने.

१२ सप्टेंबर
मोजणी संपली. ऑकलंडच्या परिषदेचं भाषण लिहून टाकलं. आभारातून तेगनला गाळलं. मग घेतलं, शेवटी, बारीक अक्षरात. मॉरीनला सांगितलं, सहीसाठी पेन काढून ठेव.

१५ सप्टेंबर
मॉरीनने सगळ्यांसमोर खरी नावं फोडली. निम्म्या काचा मी बरोबर ओळखल्या. ती म्हणाली, नाणं उडवलं असतं तरी एवढं जमलं असतं.

पुढे म्हणाली, मॅगपाय आणि पेलिकन ही एकच काच आहे. मोजणाऱ्याची परीक्षा म्हणून एक काच नाव बदलून दोनदा द्यायची, ही इथली पद्धत. पद्धत मीच आणलेली, विद्यार्थ्यांना धाक बसावा म्हणून. विद्यार्थ्यांना!

खवळलो. म्हणालो, अदलाबदल झाली असणार, उजेडाने रंग उडाला असणार, मुद्दाम माझ्यावर डाव टाकलाय. तेगनने काच पुढे सरकवली. मी नखाने पेलिकनची चिठ्ठी सोलली. खाली मॅगपायची चिठ्ठी.

कोणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. पिल्लू खेळण्यांवालं होतं ना, एवढं विचारलं. नव्हतं.

"नेव्हिल, पुन्हा पहिल्यापासून मोजू," मॉरीन म्हणाली. "या वेळी तेगन मोजेल."

नोकरीचं विचारलं. ती म्हणाली, आधी तिची मोजणी होऊ दे.

१६ सप्टेंबर
केक नेला. तेगनने पहिला तुकडा मलाच दिला. चांगला झाला होता, याचाच जास्त संताप आला.

आता माझं काम म्हणजे तेगनसाठी काचांवर चिठ्ठ्या लावणं. दुपारी एकटाच बसलो होतो. ती काच हाताला लागली, पुन्हा मायक्रोस्कोपखाली घातली. आज पेशी ना दाट वाटल्या, ना विरळ.

रागवावं म्हटलं, तर खोलीत दुसरं कोणी नव्हतं.