ताणलेलं चित्र

प्रिय ठमे,

अक्षर वेडंवाकडं आलंय, कागद गुडघ्यावर धरलाय. तरी शेवटपर्यंत वाच. आधी घरचं सांगतो. दुकान बरं चाललंय. लोक अजून माळ्यावरच्या जुन्या कॅसेटी घेऊन येतात आणि मी त्यांच्या फाइली करून देतो. परवा एक आजोबा भांडायलाच आले. त्यांच्या लग्नातलं सगळं वऱ्हाड बुटकं आणि ढब्बू दिसत होतं. जुनं चित्र जवळजवळ चौरस, आताचा पडदा ऐसपैस. फाइल करताना माझ्याकडून लांबीरुंदीचं प्रमाण चुकलं आणि चित्र पडदाभर ताणलं गेलं. मी प्रमाण सुधारलं, दोन्ही बाजूंना काळ्या पट्ट्या सोडल्या, तशी त्यांची बायको पुन्हा शेलाटी झाली. आजोबा कितीतरी वेळ बघत राहिले. म्हणाले, अशीच होती हो.

हे तुला काय सांगायचं म्हणा! दुकानातल्या स्टुलावर बसून तू हे सगळं शिकलीस. चित्रात आधी गोल वस्तू शोधायची, चाक, ताटली, बांगडी, काहीही. ती गोल दिसली की माणसंही खरी. शिकल्या शिकल्या तू आत्याला ताणून पिंप केलंस आणि घरभर हसवलंस. आत्या महिनाभर तुझ्याशी बोलत नव्हती.

गेल्या रविवारचा तुझा व्हिडिओ आईने टीव्हीवर लावला. तुला बघून तिचा जीव भांड्यात पडला. "बघा, लेकीने कसं बाळसं धरलंय! उगाच घोर लावून घेतला आपण." मीही हसलो. मग तुझ्या पाठीमागच्या वॉशिंग मशीनकडे लक्ष गेलं. तिचं दार अंड्यासारखं दिसत होतं.

फोन आपणहून असं करत नाही, ठमे. तरी मनाला समजावलं, पाठवताना काही गडबड झाली असेल. दुसऱ्या दिवशी दुकानात फाइल उघडली आणि रुंदी कमी करत गेलो. दार हळूहळू गोल व्हायला लागलं, तसे तुझे गाल आत जायला लागले. माझा हात थांबला. दार अजून पुरतं गोल झालं नव्हतं आणि पुढे जायची छाती होईना. गिऱ्हाईक आलं, त्याला उद्या ये म्हणून घालवलं. शेवटी डोळे मिटून उरलेली रुंदी काढली. उघडले तर गळ्याची हाडं, खोल गेलेले डोळे, खुंटीला अडकवल्यासारखा अंगावरचा टी-शर्ट. आधीचे व्हिडिओ काढून बघितले. प्रत्येक पुढचा आणखी थोडा ताणलेला. तू आटत गेलीस, आणि आम्हाला मात्र भरलेली दाखवत गेलीस.

आईला यातलं काही सांगितलेलं नाही. ती तोच व्हिडिओ शेजारणींना कौतुकाने दाखवते आणि मी मान डोलावतो. तुला फोन केला तर म्हणालीस, "मजेत आहे बाबा, कामाचा नुसता ढीग आहे, इतक्यात येऊ नका." तुझ्या ऑफिसात विचारलं, तर तू कधीची रजेवर. मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. आजार आहे? कुणाचा जाच आहे? की जेवणच सोडलंस? एकेक शक्यता मनात येते आणि दर वेळी मी तो व्हिडिओ पुन्हा उघडून बघतो.

आईला सांगितलं, दुकानातल्या मशीनचा एक भाग आणायला जातोय. मघाशी तुझी बेल वाजली ना, ती मीच वाजवली. तुझी पावलं दारापर्यंत आली, दाराच्या भिंगातला उजेड झाकला गेला, आणि पावलं परत गेली. हाका मारल्या नाहीत. शेजारीपाजारी गोळा झाले तर तू आणखीच मिटून घेशील. म्हणून इथे जिन्यावर बसून हे लिहिलं, आता दाराखालून आत सरकवतो. तुला कशा अवस्थेत बघेन, याची भीती वाटेत होतीच. त्याहून मोठी आता या बंद दाराची वाटतेय. मी रागावणार नाही. तू सांगेपर्यंत काही विचारणारही नाही. केस विंचरू नकोस, तोंड धुऊ नकोस. फक्त कडी काढ, पोरी.

तुझाच, दाराबाहेर बसलेला,
बाबा