भिमाजीरावांचा मध मी साफ केला, त्याबद्दल

कोल्हार, रविवार

साडूभाऊ गोरक्षराव यांना काकासाहेबाचा मनापासून रामराम.

गुडघा कसा आहे? अकोल्याकडं पाऊस लागला असेल, तेव्हा तेल चोळून घेत जा, उगाच बांधावर उभे राहू नका. इकडं म्हैस व्यायली, प्रवरेला पाणी आहे, तुमच्या मेहुणीचा खोकला उतरला. मी मात्र बरा नाही. ताप नाही, सर्दी नाही, नुसता पश्चात्ताप आहे आणि त्यावर कोल्हारात औषध मिळत नाही. फोन केला तर "तुमच्याशी बोललं की माझं बीपी वाढतं" म्हणून तुम्ही तो ठेवून दिलात. म्हणून हा कागद. (फाडायचाच असेल तर आधी वाचून फाडा, एवढी विनंती.)

तुम्ही मध्ये पडून आमच्या ज्ञानेश्वरीला तुमच्याकडच्या भिमाजीरावांच्या पोराचं, कल्याणचं, स्थळ आणलंत. माणसं चांगली, पोरगा सरळ, मधमाश्यांच्या पेट्यांवर घर नीट चालवतो. पोहे झाले, चहा झाला आणि निघताना भिमाजीरावांनी मधाची बरणी माझ्या हातात दिली. जांभळीच्या फुलोऱ्यावरचा, परवाच काढलेला. कल्याण मला किती वेळ समजावत होता! हा कच्चा मध आहे, फक्त फडक्यातून गाळलाय, विस्तवावर ठेवलेला नाही, त्यामुळं फुलातलं जे काही माशीनं आणलं ते सगळं यात आहे. दुकानातला मध आरपार दिसावा, लवकर थिजू नये म्हणून तापवतात, बारीक गाळतात; तोही गोडच, पण वास आणि गुण त्यात थोडे मागं राहतात. "तेवढा तापवू नका, मामा," असं तो दोनदा म्हणाला. मी मान हलवत होतो. खरं सांगायचं तर माझं अर्धं लक्ष म्हशीकडं होतं.

पाहुणे गेल्यावर मी बरणी उघडली. वर फेस! फेसात मेणाचे कण आणि एका माशीचा पाय! शेजारी दुकानातली बाटली ठेवून दोन्ही दारात उजेडाला धरलं. दुकानातल्या बाटलीतून समोरचं पिंपळाचं झाड दिसत होतं, भिमाजीरावांच्या बरणीतून काही म्हणजे काही दिसेना. आता तुम्हीच सांगा, ज्याचा जन्म गुऱ्हाळात गेला त्या माणसानं काय करायचं? गोड वस्तूवर फेस दिसला की माझे हात शिवशिवायला लागतात, ते मला आवरत नाही. आमच्याकडं उसाचा रस काहिलीत उकळतो, भेंडीच्या ठेचलेल्या देठांचं चिकट पाणी टाकतो, घाण वर येते, ती झाऱ्यानं काढली की गूळ कसा सोन्यासारखा निघतो! म्हटलं, बिचाऱ्या डोंगरातल्या माणसांना ही विद्या कुठली ठाऊक. चूल पेटवली, पातेलं चढवलं आणि (हे वाचताना बसून घ्या) मधात भेंडीचं पाणी टाकलं. तुमची मेहुणी "अहो, नका, नका" म्हणत होती. तिनं तेवढ्यात एक वाटीभर कच्चा मध खोकल्याला म्हणून बाजूला काढला, म्हणून तो वाचला. बाकीचा मी छान कढवला. मळी काढली. काळाभोर, चकचकीत, काकवीसारखा दिसायला लागला. गल्लीतल्या सगळ्यांना चाखायला दिला आणि सगळे म्हणाले, "लई भारी काकवी हाय." तरी मला शंका आली नाही.

आता बरणी परत करायची. रिकामं भांडं परत पाठवायची आपल्यात पद्धत नाही, हे तुम्ही जाणताच. तुमची मेहुणी म्हणाली, गुळाची ढेप ठेवा. मी म्हटलं, गूळ आपण वाटेल त्याला देतो, व्याह्याला काहीतरी खास हवं. म्हणून त्यांचाच मध, माझ्या हातानं साफ केलेला, त्यांच्याच बरणीत भरला आणि वर चिठ्ठी लावली: "मळी बरीच निघाली. यापुढे असा करून विकत जा." अकोल्याला जाणाऱ्या भाजीच्या टेम्पोत बरणी दिली आणि आभाराच्या फोनची वाट बघत बसलो.

फोन आला. भिमाजीराव म्हणाले, "दिलेली वस्तू तुम्ही परत धाडली, आम्हाला काय समजायचं ते समजलं. पोरीला चांगलं घर मिळू द्या." आणि मी काय म्हणालो ठाऊक आहे? "असाच लोभ असू द्या!" फोन ठेवून आत आलो, आनंदानं सांगितलं. तुमच्या मेहुणीनं कपाळावर हात मारला, तेव्हा कुठं माझ्या डोक्यात प्रकाश पडला. नंतर तिच्या वाटीतला कच्चा मध मी बोटावर घेतला. साडूभाऊ, जांभळीच्या झाडाखाली उभं राहावं तसा वास. जरासा तुरट, घशातून उतरताना ऊन ऊन. तिचा खोकला दुकानातल्या बाटलीनं हलला नव्हता, तो यानं आठवड्यात उतरला, असं ती म्हणते. मग मी कढवलेला चाखला. नुसता गोड. वाईट वाटलं हो, फार वाईट वाटलं. त्या माणसानं वर्षाची मेहनत हातात ठेवली आणि मी तिला भेंडी लावली. ज्ञानेश्वरी तेव्हापासून धड बोलत नाही, जेवत नाही. पोरीला मधाचं फार लागलेलं दिसतं.

थोरल्यांना दंडवत, मुलांना पापे. गुडघ्याची काळजी घ्या.

आपला,
काकासाहेब

ता. क. : खरं काम असं की तुम्ही भिमाजीरावांकडं जा आणि सांगा, मध मी तापवलाच नाही, टेम्पोत उन्हानं तापला. भेंडीचं काय सांगायचं ते तुम्हीच ठरवा. चिठ्ठी वाऱ्यानं कुठूनतरी येऊन चिकटली म्हणा.

ता. क. : काका, मी ज्ञानेश्वरी. पाकीट चिकटवायला माझ्याकडं दिलंय म्हणून लिहिते. आप्पांनी मधाचा वास घेतला, रंग पाहिला, उजेडाला धरला, अख्ख्या गल्लीला तो कसा लागतो ते विचारलं. मुलगा कसा वाटला, हे मला कुणीच विचारलं नाही. मला कल्याण आवडला. तेवढं त्यांना सांगाल का? मीच फोन केला असता, पण नंबर आप्पांच्या मोबाईलमध्ये आहे आणि तो मागायची लाज वाटते.

ता. क. : चिकटवलेलं पाकीट मी पुन्हा फोडलं, टेम्पोच्या उन्हाचं जास्त होतंय का ते बघायला. वरचं वाचलं. मग मोबाईल तिच्या हातात दिला आणि गोठ्यात निघून आलो. साडूभाऊ, टेम्पोचं, वाऱ्याचं काही सांगू नका. आजच जा आणि खरं ते सांगा: बाप गाढव आहे, पोरीची पसंती आहे. दुसरं आधी सांगितलंत तरी चालेल.